बहात्तरपट लहान विमानाचा रंग

दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर होता. १/७२ प्रमाणात त्याचे मॉडेल केले की तो जेमतेम साडेपंधरा सेंटीमीटर भरतो. खोक्यातले सुटे भाग नकाशाबरहुकूम जोडले, ब्रिटिश हवाई दलाच्या जुन्या रंगपट्टीशी पडताळून नेमकी तीच हिरवी आणि तपकिरी छटा मिळवली, ती काळजीपूर्वक लावली, तरी कपाटात ठेवलेले ते विमान खेळण्यासारखेच दिसते. मोजमापात चूक नसते, छटेतही नसते. मग डोळ्याला खटकते ते नेमके काय?

विमान बहात्तरपट लहान करता येते. त्याच्यावर पडणारा उजेड, त्याला लावलेल्या रंगाची जाडी आणि रंगाच्या थेंबाचा पृष्ठताण मात्र तितक्या पटीने लहान होत नाहीत. मॉडेल रंगवण्याची आज रूढ असलेली बहुतेक तंत्रे ही तफावत भरून काढण्यासाठी आली आहेत. शाळा-कॉलेजात किट जोडलेला आणि पुढे नोकरी-संसारात छंद सुटलेला माणूस वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा टेबलाशी बसतो, तेव्हा भाग कापणे, घासणे, चिकटवणे त्याच्या हातात असतेच. प्री-शेडिंग, वॉश, चिपिंग ही नावे मात्र त्याला नवी असतात, आणि त्यांचा क्रम का ठरलेला आहे हे खोक्यातल्या कागदावर सहसा लिहिलेले नसते.

छंद कुठून कुठे आला

प्लॅस्टिकची पहिली विमान-किट १९३६ मध्ये ब्रिटनमध्ये 'फ्रॉग पेंग्विन' या नावाने निघाली. त्यांचे प्रमाण १/७२ होते, म्हणजे सहा फुटांना एक इंच. हे प्लॅस्टिक सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे असल्यामुळे कालांतराने वाकडे होई. युद्धानंतर त्याची जागा पॉलिस्टायरीनने घेतली. एअरफिक्सची पहिली स्पिटफायर १९५३ ची. जपानमधल्या शिझुओका येथे १९४६ मध्ये लाकूड व्यापारातून सुरू झालेल्या तामियाने १९६० मध्ये 'यामातो' युद्धनौकेचे पहिले प्लॅस्टिक मॉडेल काढले. रणगाड्यांच्या १/३५ या विचित्र प्रमाणाचे मूळही तामियाच्या सुरुवातीच्या पँथर रणगाड्यात आहे. मोटर आणि बॅटऱ्या आत मावाव्यात एवढा तो मोठा केला, नंतर मोजले तर प्रमाण पस्तिसास एक निघाले. जगभरच्या उत्पादकांनी पुढे तेच उचलले.

त्या काळी रंगकाम म्हणजे इनॅमलची छोटी डबी, एक ब्रश आणि टर्पेंटाइनची बाटली. इंग्लंडमधल्या हल शहरातल्या हम्ब्रोलच्या डब्या पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेल्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांनी आणि अमेरिकेच्या शेपर्ड पेन यांनी रणगाड्यांवर व डायोरामांवर, म्हणजे मॉडेलभोवती उभारलेल्या देखाव्यांवर, वॉश आणि ड्राय ब्रशिंगचा सढळ वापर केला. त्यांची छायाचित्रे मासिकांतून आणि किटसोबतच्या पत्रकांतून घरोघर पोचली. त्यानंतर स्पॅनिश मॉडेलकारांनी छाया-प्रकाशाचे काम आणखी धीट केले. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग सर्वत्र मिळू लागले, छोटे कॉम्प्रेसर आवाक्यात आले आणि एका थराचे काम आठ-दहा थरांवर गेले. किट मात्र अजूनही त्याच पॉलिस्टायरीनच्या आहेत. एअरफिक्सच्या अनेक खोक्यांवर अलीकडे 'मेड इन इंडिया' छापलेले असते, एवढाच काय तो फरक.

रंगाच्या बाटलीत काय असते

कोणत्याही रंगात तीन गोष्टी असतात. छटा देणारी बारीक पूड, म्हणजे रंगद्रव्य. ती पृष्ठभागाला धरून ठेवणारा बंधक. आणि या दोघांना पातळ ठेवून नंतर उडून जाणारा द्रावक. मॉडेलकाराच्या दृष्टीने यांतला द्रावक सगळ्यांत महत्त्वाचा. एका थरावर दुसरा थर चढेल की खालचा थरच उखडेल, हे त्याच्यावरून ठरते.

लॅकर हा सगळ्यांत तिखट प्रकार. त्यातला राळेसारखा बंधक तीव्र थिनरमध्ये पूर्ण विरघळलेला असतो. थिनर उडाला की रंग वाळला. पुन्हा थिनर लागला की तो पुन्हा विरघळतो. लॅकर प्लॅस्टिकचा पृष्ठभाग किंचित चावतो, म्हणून तो पक्का बसतो. इनॅमल दोन टप्प्यांत वाळतो. आधी व्हाइट स्पिरिट उडते, मग बंधक हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होत जातो. हा दुसरा टप्पा काही दिवस चालतो. हाताला कोरडा लागलेला इनॅमल दुसऱ्या दिवशी बोटाचा ठसा घेतो तो यामुळेच. पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिकमध्ये बंधकाचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी गेले की ते एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा तयार होतो, आणि हा पापुद्रा पाण्यात पुन्हा विरघळत नाही.

'अ‍ॅक्रिलिक' हा शब्द बाटलीवर वाचून थांबणे मात्र धोक्याचे. स्पेनच्या वायेहो कंपनीचे नेहमीचे अ‍ॅक्रिलिक खरोखर पाण्याचे असतात. तामियाच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये अल्कोहोलच्या जातीचा द्रावक असतो आणि लॅकर थिनरने ते उलट अधिक छान बसतात. वायेहोत आयसोप्रोपिल अल्कोहोल घातले तर बाटलीत गुठळ्या होतात. परतलेल्या मंडळींचे पहिले दोन-तीन प्रयोग बहुधा याच गोंधळात वाया जातात. कंपनीचा रंग आणि त्याच कंपनीचा थिनर ही जोडी सुरुवातीला मोडू नये.

या तीन जातींच्या गुणांतून सगळ्या क्रमाचा नियम निघतो: तिखट द्रावक खाली, सौम्य द्रावक वर. लॅकर किंवा अ‍ॅक्रिलिकच्या पक्क्या थरावर इनॅमल आणि तैलरंगांचे वॉश बिनधास्त फिरवता येतात, कारण व्हाइट स्पिरिट खालच्या थराला हात लावत नाही. उलट केले, म्हणजे कोवळ्या इनॅमलवर लॅकर मारला, तर खालचा रंग सुरकुततो.

जाडीचा हिशेब

ब्रशने दिलेला रंगाचा थर ०.०५ मिलिमीटर जाड धरला, तर १/७२ च्या जगात तो ३.६ मिलिमीटर होतो. म्हणजे विमानाला रंग दिला नसून साडेतीन मिलिमीटरचा पत्रा गुंडाळला, असा अर्थ झाला. पत्र्यांच्या जोडांच्या रेषा त्यात बुजतात, रिव्हेट गुळगुळीत होतात, कडा गोलावतात. ब्रशचा एखादा केस रंगात अडकून वाळला आणि तो माणसाच्या केसाएवढा, ०.०७ मिलिमीटरचा असला, तर त्या प्रमाणात पंखावर पाच मिलिमीटर जाडीची दोरी पडलेली असते. मॉडेल खेळण्यासारखे दिसण्यामागे छटेपेक्षा जाडीचा वाटा मोठा आहे, आणि दुकानात छटा जुळवत तासन्‌तास घालवणाऱ्यांना हे उशिरा कळते.

ब्रशनेही पातळ थर देता येतात. रंगात थिनर वाढवायचा, पहिला थर धब्बेदार दिसला तरी हात आवरायचा, तो पूर्ण वाळल्यावर आडव्या दिशेने दुसरा आणि मग तिसरा द्यायचा. अर्धवट वाळलेल्या रंगावरून ब्रश फिरवला की खालचा पापुद्रा ओढला जातो. त्याचे ओरखडे मग घासूनच काढावे लागतात.

एअरब्रश कसा चालतो

एअरब्रशच्या तोंडाशी ०.२ ते ०.५ मिलिमीटरचे भोक असते आणि त्यात एक निमुळती सुई बसलेली असते. कॉम्प्रेसरची हवा या भोकाभोवतीच्या फटीतून वेगाने बाहेर पडते. तिथला दाब कमी होतो, रंग बाहेर खेचला जातो आणि त्याच झोताने फुटून त्याचे बारीक तुषार होतात. पेणच्या गणपती कारखान्यांत मूर्तीच्या अंगावर छटा देताना फिरणारी स्प्रे गन याच तत्त्वावर चालते. मॉडेलचा एअरब्रश फक्त तिच्याहून बराच लहान आणि नाजूक. दुहेरी क्रियेच्या एअरब्रशमध्ये घोडा खाली दाबला की हवा सुटते, मागे ओढला की सुई मागे सरकून रंग सुटतो. हवा आधी आणि रंग नंतर, थांबताना रंग आधी बंद आणि हवा नंतर, ही सवय बोटाला लागली की सुरुवातीचे निम्मे थेंब आणि डाग टळतात.

बाकी सगळे तीन गोष्टींच्या मेळावर अवलंबून असते: रंग किती पातळ, दाब किती, अंतर किती. दाब साधारण १५ ते २० पीएसआय ठेवून सुरुवात करतात. रंग पातळ झाला की नाही हे एअरब्रशच्या रंग ओतायच्या कपाच्या आतल्या भिंतीवर पाहता येते. ब्रशने भिंतीवर चढवलेला रंग सरकन खाली उतरला आणि मागे अर्धपारदर्शक ओल ठेवून गेला, तर तो योग्य. फार पातळ रंग जवळून मारला तर हवेच्या झोताने त्याला पृष्ठभागावर कोळ्यासारखे पाय फुटतात. फार लांबून मारला तर थेंब हवेतच वाळून पोचतात आणि हाताला खरखरीत पूड लागते. पाण्याचे अ‍ॅक्रिलिक सुईच्या टोकावरच वाळून बसते. काम मध्येच थांबवून टोक ओल्या ब्रशने पुसणे याला पर्याय नाही, फार तर वाळणे लांबवणारे रिटार्डर चार थेंब घालता येते.

कापडी मास्क रंगाच्या कणांपुरताच, तोही अर्धामुर्धा, उपयोगी. लॅकरच्या वाफेसाठी सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क आणि खिडकीबाहेर हवा फेकणारा पंखा लागतो. दोन्ही नसतील तर लॅकरच्या वाटेला जाऊ नये.

खोलीतला उजेड आणि रंगवलेली सावली

भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो. घरातल्या दिव्याखाली तो शंभर ते पाचशे लक्स भरतो. उजेड वाढला की तोच रंग डोळ्याला अधिक भडक आणि जिवंत भासतो. ब्रिटिश रंगशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. जी. हंट यांनी १९५२ मध्ये मांडलेला हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. धावपट्टीवर उन्हात तळपणारी हिरवी छटा कपाटातल्या उजेडात म्हणूनच मलूल आणि काळपट दिसते. बरेच मॉडेलकार मूळ रंगात थोडा पांढरा किंवा पिवळसर रंग मिसळून तो उजळ करतात. मॉडेल जितके लहान, तितका पांढरा जास्त, असा एक ठोकताळाही प्रचलित आहे आणि त्याचे कारण मधल्या हवेचा धूसरपणा असे सांगतात. ते फारसे पटण्यासारखे नाही. १/७२ चे मॉडेल ३० सेंटीमीटरवरून पाहणे म्हणजे खरे विमान २१.६ मीटरवरून पाहणे. एवढ्या अंतरात स्वच्छ हवा रंग फिका करत नाही. रंग उजळ करणे बरोबरच, पण त्याचे कारण खोलीतला दिवा आहे.

उजेड कमी असला की छाया-प्रकाशातला फरकही मंदावतो. तो रंगानेच परत आणावा लागतो. प्री-शेडिंगमध्ये राखाडी प्रायमरवर पत्र्यांच्या जोडांवरून काळ्या रेषा मारतात आणि वर मूळ रंगाचे पातळ थर चढवतात. जोडांपाशी काळा झिरपून दिसतो, मधला भाग उजळ राहतो. ब्लॅक बेसिंगमध्ये संपूर्ण मॉडेल काळे करून त्यावर मूळ रंगाच्या बारीक, वेड्यावाकड्या रेघोट्या मारत जातात आणि शेवटी एका अगदी पातळ थराने सगळे एकजीव करतात. दुसऱ्या पद्धतीला वेळ दुप्पट लागतो, पण तिचा चढ-उतार अनियमित असतो आणि उन्हापावसात उभ्या असलेल्या विमानाचा रंग असाच अनियमित विटतो. प्री-शेडिंग प्रत्येक जोडावर एकाच जाडीने केले की पंख आखीव चौकटींचा दिसू लागतो. मासिकांत झळकणारी कित्येक मॉडेल या चौकटींनीच बिघडलेली असतात.

चौकट: थरांचा क्रम

- प्रायमर: राखाडी किंवा काळा. रंगाला धर देतो, सांध्यांतल्या चुका दाखवतो.
- प्री-शेडिंग किंवा ब्लॅक बेसिंग, मग मूळ रंगाचे पातळ थर.
- ग्लॉस वॉर्निश: पृष्ठभाग गुळगुळीत करण्यासाठी.
- डीकॅल, आणि त्यांवर पुन्हा पातळ ग्लॉस.
- इनॅमल किंवा तैलरंगाचा वॉश.
- मॅट किंवा सॅटिन वॉर्निश.
- धूळ, काजळी, पिगमेंट पूड.

डीकॅल चंदेरी का दिसतात

विमानावरची चक्रे, अक्षरे आणि क्रमांक पाण्यात भिजवून सरकवायच्या पातळ पापुद्र्यावर छापलेले असतात. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्मपणे खडबडीत असतो. त्यावर डीकॅल बसवला की खड्ड्यांमध्ये हवा अडकते, तिथे प्रकाश विखुरतो आणि पारदर्शक कडा चंदेरी दिसू लागते. म्हणून आधी ग्लॉस. डीकॅल मऊ करणारे द्रावण वरून लावले की पापुद्रा काही मिनिटे सुरकुततो, घाबरून बोट लावले तर फाटतो, आणि न लावल्यास आपोआप ताणून जोडांच्या रेषांत उतरतो.

वॉश: रेषेत धावणारा रंग

या छंदातले सगळ्यांत कमी कष्टाचे आणि सगळ्यांत जास्त फळ देणारे तंत्र हेच. बर्न्ट अंबर या तपकिरी तैलरंगात किंचित काळा मिसळून व्हाइट स्पिरिटमध्ये तो इतका पातळ करतात की कागदावर नुसता डाग पडावा. बारीक ब्रशचे टोक पत्र्याच्या दोन रेषा जिथे मिळतात तिथे टेकवले की रंग स्वतःच्या पायांनी धावत सुटतो. एका स्पर्शात दोन-तीन सेंटीमीटरची रेषा भरते. समईच्या वातीत तेल चढते ते ज्या केशाकर्षणाने, तेच इथे काम करते: अरुंद फटीच्या भिंती द्रवाला ओढून घेतात आणि फट जितकी अरुंद, तितकी ओढ जास्त.

पृष्ठभाग ग्लॉस असणे इथेही कामी येते. मॅट रंगातले सूक्ष्म खड्डे हेही केशाकर्षणाचे मार्गच आहेत. त्यात वॉश शिरला की रेषेच्या दोन्ही बाजूंना मळकट डाग पसरतो आणि पुसूनही जात नाही. ग्लॉसवर जास्तीचा वॉश पंधरा-वीस मिनिटांनी व्हाइट स्पिरिटने जेमतेम ओलावलेल्या कापसाच्या काडीने निघून येतो. काडी पंखाच्या पुढच्या कडेपासून मागे फिरवायची, म्हणजे जो अंश उरतो तो वाऱ्याच्या दिशेने गेलेल्या मळासारखा दिसतो. रेषा शुद्ध काळ्या रंगाने भरल्या तर पेनने आखल्यासारख्या वाटतात. मूळ रंगाहून दोन पायऱ्या गडद तपकिरी किंवा राखाडी रंग पुरतो.

झीज कुठे होते

कडांवरचा रंग उडालेला दाखवण्याची, म्हणजे चिपिंगची, जुनी रीत ड्राय ब्रशिंगची. ब्रशमधला जवळजवळ सगळा रंग कागदावर पुसून टाकतात आणि उरलेला केवळ उंचवट्यांवरून हलकेच फिरवतात. रणगाड्यांच्या नटबोल्टांवर ती अजूनही शोभते. विमानासाठी आता हेअरस्प्रेची युक्ती जास्त वापरतात. आधी अ‍ॅल्युमिनियम रंग आणि त्यावर वॉर्निश, मग बाजारात मिळणारा साधा हेअरस्प्रे, आणि त्यावर पाण्याचे अ‍ॅक्रिलिक. तासाभरात त्यावर पाणी लावले की ते वरच्या पापुद्र्यातून झिरपते, पाण्यात विरघळणारा हेअरस्प्रे सैल पडतो, आणि राठ ब्रशने घासताच वरचा रंग अनियमित कपच्यांनी उडून खालचा धातू दिसतो.

यात चूक होते ती प्रमाणाची. खऱ्या विमानावरची एक सेंटीमीटरची कपची १/७२ मध्ये ०.१४ मिलिमीटर भरते, म्हणजे सुईच्या टोकाने दिलेला ठिपका. त्याहून महत्त्वाचे म्हणजे झीज कुठेही होत नाही. स्पिटफायरच्या कॉकपिटचे दार डाव्या बाजूला असे. वैमानिक त्याच बाजूच्या पंखावर पाय ठेवून चढत, म्हणून डाव्या पंखाचे मूळ झिजलेले आणि उजवे त्या मानाने शाबूत असायचे. बंदुकांची तोंडे उड्डाणापूर्वी लाल कापडी पट्ट्यांनी बंद करत. गोळीबारानंतर पट्ट्या फाटत आणि पंखाखाली काजळीचे पट्टे उमटत. पट्ट्या शाबूत आणि खाली काजळी असे मॉडेल म्हणजे गोळीबार न करताच काळवंडलेले विमान. इंजिनाच्या एग्झॉस्टची करडी-तपकिरी धार मागे पंखाच्या मुळावरून वाहत जाते. ती एअरब्रशने, अतिशय पातळ रंगाने, चार-पाच वेळा फिरून आणावी लागते.

शेवटचा थर आणि पावसाळा

ग्लॉस पृष्ठभाग खोलीतल्या ट्यूबलाइटचे सबंध प्रतिबिंब पंखावर दाखवतो, आणि एवढी लांबलचक ट्यूब पाहून डोळ्याला विमानाचा खरा आकार लगेच कळतो. मॅट वॉर्निशमधले सिलिकाचे सूक्ष्म कण पृष्ठभाग खडबडीत करून प्रकाश सगळीकडे विखुरतात आणि प्रतिबिंब मोडते. मात्र पूर्ण मॅट थराने सगळेच पिठूळ होते. स्पिटफायरसारख्या विमानाला सॅटिन, म्हणजे मंद झळाळीचे वॉर्निश जास्त शोभते.

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हे काम बेताने करावे लागते. लॅकर आणि स्प्रे-कॅनमधला द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. पृष्ठभाग दवबिंदूखाली थंड झाला की दमट हवेतले पाणी त्यावर बसते, ओल्या थरात अडकते आणि सगळे मॉडेल दुधाळ पांढरे पडते. कॉम्प्रेसरमध्येही दाबलेली हवा थंड होताना पाणी सुटते आणि नळीतून थेट रंगात थुंकले जाते. एअरब्रशच्या आधी पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप बसवणे आणि तो दर अर्ध्या तासाने रिकामा करणे हा त्यावरचा इलाज आहे. पांढऱ्या पडलेल्या लॅकरवर कोरड्या दिवशी रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा हलका फवारा मारला की थर थोडा विरघळून अडकलेले पाणी निघून जाते आणि बहुतेक वेळा रंग पुन्हा स्वच्छ होतो. हा प्रयोग आधी जुन्या, टाकाऊ मॉडेलच्या पंखावर करून पाहतात, आणि माळ्यावरून काढलेल्या शाळकरी वयातल्या किट याच कामी येतात.